कोडचा रंग का मारला नाही: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. गाडी 1967 ची लँड रोव्हर सिरीज टू-ए, रंग ब्रॉन्झ ग्रीन. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खालच्या कोपऱ्यात रंग फुगला होता आणि विंगवर (चाकावरच्या पुढच्या मडगार्डवर) खडे लागून टवके उडाले होते. तुमचं म्हणणं असं: रंगाचा कोड हातात दिला तरी आम्ही तो वापरला नाही, रात्री पार्किंगमध्ये पॅच वेगळा दिसतो, क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) न मारता पैसे वाचवले, टवके ‘नुसते ब्रशने टिपले’, आणि एवढ्याशा कामाला गाडी अडकवून ठेवली.

कोडचं आधी बोलू, कारण बाकी बरंच त्यातच आलं.

तुम्ही दिलेला 224 हा ब्रिटिश स्टँडर्ड 381 सी या रंगांच्या ठरलेल्या यादीतला डीप ब्रॉन्झ ग्रीन. नंबर चुकीचा नाही. या गाड्यांच्या हिरव्याला तो जवळचा आहे आणि मागितला की डबा मिळतो. पण आठवून बघा, गाडी आत घेतल्यावर बॉनेटवरची स्टेपनी आपण तुमच्यासमोरच उतरवली होती. खाली गडद हिरवा गोल होता, जवळजवळ काळपट. त्याच्या बाहेरचं बॉनेट वर्षानुवर्षं ऊन खाऊन विटलेलं, बोट फिरवलं की हिरवट भुकटी लागत होती. दरवाजा उभा असल्याने त्याच्यावर ऊन तिरकं पडतं, म्हणून त्याची शेड या दोन्हींच्या मधली. एकाच गाडीवर तीन हिरवे. 224 चा डबा जुळला असता तो स्टेपनीखालच्या गोलाशी. दरवाजावर त्याचं ठिगळ दिसलं असतं, आणि तेही भर दिवसा, रस्त्याच्या पलीकडून.

म्हणून शेड काढली ती दरवाजाची, आजच्या दरवाजाची. पॅचच्या आजूबाजूचा भाग धुऊन, तेलकटपणा काढून, कंपाऊंडने वरची मेलेली भुकटी उतरवली. हे न करता रीडिंग घेतलं तर शेड मोजणारं मशीन भुकटीचा रंग सांगतं, आणि तो नेहमी फिकाच येतो. मग त्या दरवाजावरच वेगवेगळ्या जागी रीडिंग घेतली. मशीनने दिलेला फॉर्म्युला म्हणजे काम संपलं असं समजणारे पेंटर आहेत. आमच्याकडे तिथून काम सुरू होतं. फॉर्म्युल्याचा रंग नमुन्याच्या कार्डावर स्प्रे गनने मारायचा, पूर्ण सुकू द्यायचा आणि मगच दरवाजाला लावून बघायचा. ओल्या रंगावर कधी भरवसा ठेवू नये, सुकताना शेड सरकते. तुमच्या कार्डांत पहिली शेड निळीकडे झुकत होती, तिला मातकट पिवळ्याचे थेंब देत देत जागेवर आणली. सगळी कार्डं जॉब कार्डाला टाचलेली आहेत.

आता पार्किंग. तुम्ही टाकलेल्या फोटोंमध्ये जो फरक दिसतो तो खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण तो कुठल्या उजेडात दिसतो तेही बघा. रात्रीचे फोटो पांढऱ्या एलईडीखालचे आहेत. दिवसाचा जो फोटो तुम्हीच टाकलाय त्यात पॅच नेमका कुठे संपतो हे मलाही बोट ठेवून सांगता आलं नाही, आणि काम आमच्याच हातचं आहे. त्या काळच्या हिरव्या रंगांत शिशाचा क्रोम पिवळा सर्रास असायचा. आज शिसं टाळायचं म्हणून तोच हिरवा वेगळ्या पिगमेंटांतून बनवावा लागतो. दोन वेगळ्या मिश्रणांचे रंग उन्हात डोळ्याला एक दिसतात आणि उजेड बदलला की फाकतात. एलईडीचा उजेड निळ्याकडे जास्त आणि गडद लालकडे कमी असतो, त्यामुळे तिथे हे पटकन उघडं पडतं. एका उजेडात पक्की जुळवली की दुसऱ्या उजेडात थोडं सोडावं लागतं. दिवसाचा उजेड पकडायचा असं काम सुरू करण्याआधीच ठरलं होतं, कारण ही गाडी दिवसा बाहेर निघते. पार्किंगच्या दिव्याखाली जुळणारी शेडही काढता येते. मग फरक उन्हात दिसेल.

क्लिअर कोटचा आरोप मात्र मला लागला. पैसे वाचवायचे असते तर दुसऱ्या दहा जागा होत्या. ही गाडी बनली तेव्हा असा साधा रंग वर क्लिअर न मारताच असायचा. बेस आणि वर क्लिअर ही पद्धत गाड्यांमध्ये रुळली ती 1980 च्या दशकात. तुमच्या दरवाजाच्या एका कोपऱ्यावर क्लिअर मारला असता तर तेवढाच कोपरा सतत ओला असल्यासारखा चमकला असता. चमक वाढली की तीच शेड डोळ्याला गडद वाटते, त्यामुळे जुळवलेला रंगही हातचा गेला असता. म्हणून सिंगल स्टेज टू-के रंग (क्लिअरशिवाय चालणारा, हार्डनर मिसळून घट्ट होणारा) घेतला, आणि सुकल्यावर 2000 च्या पाणपेपरने त्याची चमक मुद्दाम खाली आणून बाकीच्या दरवाजाशी बसवली. म्हणजे चमक काढायला आम्ही मजुरी घातली.

पॅच फुगवट्यापेक्षा मोठा का झाला, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. या दरवाजाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि आतली फ्रेम लोखंडी. दोन धातू एकमेकांना चिकटले आणि खाली पाणी साठलं की लोखंडाआधी ॲल्युमिनियम खाल्लं जातं. लाल गंज दिसत नाही, रंगाखाली पांढरी पूड धरते. बाहेरून तुम्हाला नखाएवढा फोड दिसत होता. तो उघडल्यावर पूड खालच्या कडेने तळहातभर पसरलेली निघाली, त्याचा फोटो तुम्हाला त्याच दिवशी पाठवला होता. ती पूर्ण काढली नसती तर नवा रंग पुन्हा फुगला असता. मग उघड्या पत्र्यावर एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला पकड देणारा पहिला थर, त्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर रंग, आणि रंगाची कड दरवाजाच्या मध्येच न तोडता वर खांद्याच्या गोलाईपर्यंत विरवत नेली. सपाट जागी कड सोडली की उन्हात रेघ दिसते, गोलाईवर नजर आपोआप घसरते. घासकाम सगळं पाणी मारूनच केलं, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची कोरडी धूळ आमच्या पोरांच्या छातीत जाऊ द्यायची नाही. दिवस लागले ते यात, आणि प्रत्येक थर सुकण्यात.

विंगवरचे टवके ब्रशनेच टिपलेत. हो. बारीक ब्रशने, थरावर थर देत, आणि जवळ जाऊन बघितलं तर ते दिसतात. ते अदृश्य करायचे तर भोवतालचा मूळ रंग घासून पूर्ण विंग मारावी लागते. जॉब कार्डावर तुमच्या सहीच्या वर लिहिलंय: ‘जिथे जमेल तिथे कंपनीचा रंग राखणे.’ इतक्या वर्षांनंतर कारखान्यातला रंग अंगावर असलेली विंग मी टवक्यांसाठी घासायला घेणार नाही, निदान मालकाने लेखी सांगितल्याशिवाय तरी नाही. ‘कुठल्याही पेंटरने अख्खा दरवाजा नवा करून दिला असता’ असं तुम्ही लिहिलंय, ते अगदी बरोबर आहे. दिला असता. मग शेजारची विंग जुनी वाटली असती, ती केल्यावर बॉनेट, आणि शेवटी पूर्ण गाडी.

पैसे परत मागितलेत, ते देणार नाही, कारण ठरलं तेच काम झालंय. दोन गोष्टी मात्र करू शकतो. गाडी सकाळी घेऊन या, उघड्यावर सावलीत उभी करू, कार्डं दरवाजाला लावून तुमच्यासमोर बघू. दिवसाच्या उजेडात कड दिसली तर तेवढी पुन्हा विरवून देईन, त्याचे पैसे लागणार नाहीत. आणि तुम्हाला 224 चाच रंग हवा असेल तर तोही मारून देतो, पण मग पूर्ण गाडी. तो वेगळा जॉब, वेगळं कोटेशन. स्टेपनीखालचा गोल त्या आधी एकदा नीट बघून घ्या, कारण घासल्यावर तो परत येणार नाही.

तोवर दरवाजाच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं तारेने मोकळी ठेवा आणि नव्या रंगाला काही आठवडे वॅक्स लावू नका. सोबत दिलेल्या रंगाच्या डबीत हार्डनर घातलेला नाही. पुढे टवका उडाला तर लागेल तेवढाच रंग वेगळा काढून त्यात हार्डनर मिसळा, उरलेला परत डबीत ओतू नका.