तुम्ही आरोग्यमंत्री झालात तर

परवा तापाने फणफणलो होतो म्हणून मास्क लावून डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो, तर शेजारचे गृहस्थ मोकळ्या तोंडाने खोकत मला म्हणतात, "अजून करोना उतरला नाही का डोक्यातून? आणि तेव्हा तरी कुणाला काय कल्पना होती हो!" दीड तास हेच. माणूस मंत्रिपदाला अगदी फिट. तर त्यांच्यासाठी, आणि उद्या तुमच्यावर वेळ आलीच तर तुमच्यासाठीही, थोडं मार्गदर्शन.

आधी रँकिंग मिळवा. ऑक्टोबर 2019 मध्ये साथीच्या तयारीची जागतिक यादी आली, अमेरिका पहिली, ब्रिटन दुसरा. पुढचं तुम्हाला माहितीच आहे.

साथीची रंगीत तालीम जरूर करा, फक्त अहवाल कपाटात ठेवा. ब्रिटनने 2016 मध्ये 'सिग्नस' नावाची केली, निघालं काय तर आपली तयारी पुरेशी नाही. अहवाल लोकांसमोर आला 2020 मध्ये, साथ घरात शिरल्यावर.

मागच्या साथीतून काही शिकू नका. दक्षिण कोरियाने 2015 मध्ये मर्स नावाच्या श्वसनरोगाच्या साथीत 38 माणसं गमावली आणि तेवढ्यावरून कायदाच बदलून टाकला, आणीबाणीत टेस्ट किटला झटपट परवानगी. उतावळे लेकाचे. 2020 च्या फेब्रुवारीत त्यांचं किट मंजूर होत होतं तेव्हा अमेरिकेच्या सीडीसी या साथरोग नियंत्रण संस्थेने वाटलेली किटं बिघडलेली निघत होती.

स्थलांतरित मजुरांची वसतिगृहं बघायला जाऊ नका, सिंगापूरसुद्धा विसरलं होतं, मग साथ तिथेच भडकली.

आणि सगळ्यात सोपं, मोजूच नका! टांझानिया 2020 च्या एप्रिल-मेमध्ये 509 रुग्णांवर थांबलं आणि पुढचं वर्षभर आकडा जागचा हलला नाही, काय ती तब्येत. ब्राझीलने जूनमध्ये वेबसाइटवरून एकूण आकडेच उडवले, कोर्टाने ओरडल्यावर परत लावले. पेरूचा वेडेपणा मात्र नको, त्यांनी 2021 च्या मे अखेरीस मृत्यू नीट मोजले, 69 हजारांचे 1 लाख 80 हजार झाले आणि लोकसंख्येच्या मानाने जगात सगळ्यात वर जाऊन बसले, खरं बोलल्याचं बक्षीस. 2020 आणि 2021 मध्ये देशांनी मिळून नोंदवलेले कोविड मृत्यू 54 लाख, डब्ल्यूएचओच्या अंदाजाने नेहमीपेक्षा जास्त मेलेली माणसं 1 कोटी 49 लाख. मधली माणसं कुठे गेली? कुणी निदान न होता, कुणी बेड न मिळाल्याने, कुणी दुसऱ्याच आजाराने दारातून परत पाठवल्यावर, आणि आपण म्हणायचं आमचा आकडा बघा किती कमी!

कसली कल्पना नव्हती? तैवानची माणसं 31 डिसेंबर 2019 लाच वुहानहून आलेल्या विमानांत चढून प्रवासी तपासत होती. 30 जानेवारीला डब्ल्यूएचओने जागतिक आणीबाणी जाहीर केली, तरी निम्मं जग मार्चपर्यंत हातावर हात ठेवून बसलं. व्हिएतनाम काय श्रीमंत होतं? संपर्कातली माणसं हुडकून काढली, जुलै 2020 च्या शेवटच्या दिवसापर्यंत एकही मृत्यू नोंदला नाही (पुढच्या वर्षी डेल्टा हा करोनाचा नवा प्रकार आला तेव्हा लस हातात नव्हती, मग तेही पोळले, कारण लशी श्रीमंत देशांनी आधीच बुक करून ठेवलेल्या).

सगळं माहीत होतं, काका. ऐकायचं नव्हतं. आणि खोकताना तोंडावर रुमाल धरा, पाच वर्षांत एवढंही जमू नये?