अभ्यासक्रमात कोण, वर्गात कोण

नव्या शैक्षणिक धोरणापायी महाराष्ट्रातल्या नाट्यविभागांत अभ्यासक्रम नव्याने लिहिले जाताहेत, आणि आमच्या जुन्या नाटकवाल्या मित्रांत वाद पेटलाय: आधी नाट्यशास्त्रवाले भरतमुनी शिकवायचे की आधी ग्रीकांचा ॲरिस्टॉटल? मी अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजात बीएच्या मुलांना नाटक शिकवतो. इथून पाहताना हा वाद मला फुकाचा वाटतो.

२०२० च्या जूनमध्ये इथल्या कृष्णवर्णीय आणि इतर गौरेतर रंगकर्मींनी रंगभूमीवरच्या वर्णभेदाविरुद्ध ‘वुई सी यू, व्हाइट अमेरिकन थिएटर’ हे खणखणीत निवेदन काढलं. मग आमच्याकडेही समिती बसली. निघालं काय? रंगभूमीच्या इतिहासाच्या १५ आठवड्यांत नववा आठवडा ‘आशिया’. मंगळवारी नाट्यशास्त्र आणि कथकळी, गुरुवारी जपानचे नोह आणि काबुकी, चीनचा पेकिंग ऑपेरा. आठ रस वीस मिनिटांत! (शांत हा नववा धरायचा की नाही, हे विचारायला सवड कुणाला?)

म्हटलं, प्रयोगच करू. दत्ता भगतांचं ‘वाटा-पळवाटा’ हे दलित नाटक इंग्रजीत आलेलं आहे, तेच सुचवलं. लगेच प्रश्न आला: भूमिका कोण करणार, आपल्याकडे भारतीय मुलं कुठायत? नॉर्वेच्या इब्सेनच्या नाटकातली नोरा करणाऱ्या मराठी मुलीला असलं कुणी विचारत नाही. पण प्रश्न अगदीच उडवून लावण्यासारखा नव्हता. गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून, कृष्णवर्णीयांची टिंगल करत केलेल्या मिन्स्ट्रेल खेळांची लाज त्यामागे आहे. अखेर नाटकाचं नुसतं अभिवाचन झालं आणि मोठ्या रंगमंचावर म्युझिकल लागलं, कारण तिकिटं त्याचीच खपतात.

म्हणून मित्रांना मी विचारतो, क्रेडिट कशाला देणार आणि शिकवणार कोण? गण, गवळण, बतावणी, वग ओळीनं लिहिलं की तमाशाचे मार्क मिळतात. फड चालवणाऱ्या बाईकडे मात्र प्राध्यापकीला लागणारं नेट-सेट नाही, म्हणून एक व्याख्यान, शाल, श्रीफळ आणि निरोप. यूजीसीची २०२२ ची ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ योजना आहे, तीत पदवीची सक्ती नाही, १५ वर्षांचा अनुभव लागतो. फडमालकिणीकडे तो दुपटीनं असेल.

इथल्या, अमेरिकेतल्या कॉलेजांचं एक मात्र जरूर उचलावं. हिरॉईन व्हायला आलेल्या पोरीलाही सेट ठोकावा लागतो, कपड्यांना इस्त्री करावी लागते, आणि त्याचे क्रेडिट मिळतात. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक सुपारी द्यायला, म्हणजे जत्रेचा खेळ ठरवायला येतात. तिथून मुलांना महिनाभर फडाबरोबर धाडा. ट्रक उतरवू देत, कनाती बांधू देत, मग ढोलकीशेजारी बसू देत. जत्रांचा हंगाम आणि परीक्षा एकदमच येतात, तेवढं अभ्यासमंडळानं निस्तरावं. गुण फडमालकिणीनं द्यावेत.