‘कुणाचीही मदत न घेता’ उभं राहिलेलं घर?

अमेरिकन लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या, स्वतःच्या बालपणावर बेतलेल्या ‘लिटल हाउस’ पुस्तकांबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतोय: ओसाड माळावर एका कुटुंबाने स्वतःच्या हातांनी संसार उभा केला, सगळं घरीच केलं, सरकारचा एक पैसा घेतला नाही. ही पुस्तकं जिवापाड आवडतात, म्हणूनच हे खोडून काढायला हवं.

माळ ओसाड नव्हता. लॉराचे वडील चार्ल्स १८६९ मध्ये कॅन्ससच्या ज्या जागेवर आले, ती ओसेज या मूळनिवासी लोकांची राखीव जमीन होती. ती वसाहतीसाठी मोकळी करणारा कायदा झाला जुलै १८७० मध्ये. ओंडक्यांचं घर आधी, कायदा मागाहून.

‘सगळं घरीच’ हे तर पुस्तकातच खोटं ठरतं. खिडकीच्या आठ काचा गावातून आणलेल्या, छपराचे खिळे शेजारच्या एडवर्ड्सकडून उसने. १८८०-८१ च्या हिवाळ्यात बर्फाने रेल्वे अडली आणि हे कुटुंब तेव्हा राहत होतं त्या डकोटा प्रदेशातल्या डी स्मेट गावातला कोळसा संपला. मग वाळलेल्या गवताच्या कांड्या जाळायच्या. लांब गवताला पीळ द्यायचा, पीळ आपोआप दुमडू लागला की टोकं आत खोचायची. पीळ सैल राहिला तर कांडी भसकन जळून जाते. घट्ट कांडीही फार टिकत नाही, म्हणून कुणीतरी सतत पिळत बसायचं. गहू दळायचा कॉफीच्या हातचक्कीत. तिच्यात एका वेळी मूठभरच मावतो, त्यामुळे पाळीपाळीने दिवसभर दळण. यीस्ट नाही, म्हणून पीठ आंबवून पाव. हे कष्ट शंभर टक्के खरे. पण चक्की कारखान्यातली होती, आणि गावाला तगवणारा गहू दोन तरुणांनी जीव धोक्यात घालून बर्फातून आणला होता.

सरकारी मदतीचा दावा सगळ्यात पोकळ. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन किरकोळ फीवर मिळे. अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहून ती कसायची. डी स्मेटची जमीन चार्ल्सने याच कायद्याखाली घेतली. लॉराची अंध बहीण मेरी १८८१ मध्ये आयोवातल्या व्हिंटनच्या शाळेत गेली, तिची फी डकोटा प्रदेशाच्या सरकारने भरली. त्याआधी, १८७५ मध्ये, मिनेसोटात टोळधाडीने पीक फस्त केल्यावर आपल्याकडे काहीच उरलेलं नाही असं चार्ल्सने लिहून दिलं आणि पिठाची दोन अर्धी पिंपं घेतली. टोळधाडीच्या पुस्तकात बाबा ठिगळाचे बूट घालून मजुरीसाठी पायी पूर्वेकडे जातात. पिठाची पिंपं मात्र कुठेच येत नाहीत.