साधं बी.एड. पुरत नाही

विशेष शिक्षकांवरच्या, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्यांवरच्या, लेखात ‘बी.एड. झालं की विशेष शिक्षक होता येतं’ असं म्हटलंय, ते अर्धवट आहे. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला विशेष शिक्षणाचाच डी.एड. किंवा बी.एड. लागतो, वर परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव. १९९२ च्या कायद्याने ते बंधनकारक आहे. सोलापुरातल्या पोरापोरींनो, फी भरण्याआधी कॉलेजची मान्यता परिषदेच्या संकेतस्थळावर तपासाच!

आणि हे शिक्षण उगाच नाही. शर्टाचं बटण लावायला शिकवताना आम्ही विशेष शिक्षक बटण काजात अर्धं घालून देतो, शेवटचं ओढणं तेवढं मुलाकडे. ते जमलं की एक पायरी मागे, म्हणजे त्याच्या आधीचं कामही मुलाकडे. हे सरावपाठांत, मार्गदर्शक बाई शेजारी बसल्यावरच हाताला वळण लागतं. आपल्याकडे अशा शिक्षकांची फार गरज आहे, जरूर या.