मिंकला कोण विंचरतं?

आज एका ब्रायडल मेकअपच्या पॅकेजमध्ये, चिकटवायच्या खोट्या पापण्यांबद्दल वाचलं : 'रिअल मिंक लॅशेस, क्रुएल्टी फ्री. प्राण्याला इजा न करता, विंचरून काढलेले केस.' डोकंच फिरलं.

विंचरून? मिंक म्हणजे मांडीवर येऊन बसणारं मांजर नव्हे. मुंगसाएवढा, पाण्याकाठी एकट्याने राहणारा, मासे-बेडूक मारून खाणारा शिकारी प्राणी आहे तो. फार्मवर त्याला धरायला जाड हातमोजे लागतात. त्याला विंचरणार कोण? आणि गळलेल्या केसांच्या गुंत्यातून लांब केस वेचून, सगळी टोकं एका दिशेला लावत बसणार कोण?

खरा प्रकार सांगते. एप्रिलअखेरीस-मेमध्ये पिल्लं जन्मतात. नोव्हेंबरात थंडीची दाट लव पूर्ण भरली की त्यांना गॅसच्या पेटीत मारतात. मागच्या पायांच्या आतून चीर देऊन कातडी उलटी करत अखंड सोलतात, चरबी खरवडतात, लाकडाच्या भुशात घोळवतात, फळीवर ताणून वाळवतात. वाळवताना उष्णता जास्त झाली तर केस मुळापासून सुटतात, माल वाया. पूर्ण लांबीच्या एका कोटाला अशा पन्नासेक कातड्या लागतात. पापण्यांचे केस याच धंद्यातले. कंगव्याची गोष्ट गिऱ्हाइकासाठी!

तेवढे महिने हा पोहणारा जीव तारेच्या पिंजऱ्यात. २००१ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी पाण्याच्या हौदाकडे जाणाऱ्या दाराला वजनं लावून पाहिली. जड झालेलं दारही मिंक ढकलत राहिले. हौद बंद केल्यावर अन्न तोडल्याइतकाच ताण त्यांच्या शरीरात दिसला. हे आठवलं की राग ओसरतो आणि नुसतं वाईट वाटत राहतं.

भारताने २०१७ मध्ये मिंकच्या कातड्यांची आयात बंद केली, हे चांगलंच झालं. आणि 'मिंक' म्हणून खपणाऱ्या बऱ्याच पापण्या मुळात पीबीटी प्लास्टिकच्या असतात, हेही कबूल. मग 'रिअल' कशाला लिहायचं? मेकअपवाल्या ताईंवर राग नाही, सप्लायर सांगतो तेच त्या छापतात. पण विंचरलं म्हणे!

मैत्रिणींनो, पाकिटातला एक केस चिमट्यात धरून पेटवा. जळक्या केसांचा वास येऊन राख चुरगळली तर केस खरा, कुठल्या तरी प्राण्याचा किंवा माणसाचा. वितळून टणक मणी झाला तर प्लास्टिक. आणि लग्नात प्लास्टिकच बरं पडतं : पीबीटीचा बाक उष्णतेने बसवलेला असतो, तो टिकतो, खऱ्या केसाचा बाक ओला झाला की जातो. घाम आणि पाठवणीचं रडणं धरून चला, आणि बुकिंगच्या वेळीच सांगा, मिंक नको.