'मूळचे कुठले?'

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. बर्लिनमधल्या तुर्की बाजाराचा फोटो आणि खाली मजकूर: 'बाहेरून आलेले अल्पसंख्य ज्या देशाचं खातात, तिथल्याच बहुसंख्यांचा मनातून तिरस्कार करतात. भाषा शिकत नाहीत, वस्ती वेगळी करतात, पोरांनाही तेच शिकवतात.' पाठवणारे सगळे आमचेच पद्मशाली, मागावर पोट भरायला तेलंगणातून आलेल्यांची नातवंडं!

आधी तिरस्काराचं बघू. प्यू या अमेरिकी संस्थेने २००६ साली युरोपातल्या मुस्लिमांना ख्रिश्चनांबद्दल विचारलं होतं. चांगलं मत असणारे फ्रान्समध्ये ९१ टक्के निघाले, ब्रिटनमध्ये ७१, जर्मनीत ६९. त्याच पाहणीत ब्रिटनमधल्या निम्म्याहून जास्त मुस्लिमांनी पाश्चात्त्यांना स्वार्थी आणि उद्धटही म्हटलं, तेही सांगायलाच हवं. पण माझी आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळता 'मराठोळ्ळु'ची, म्हणजे मराठी लोकांची, यथेच्छ टिंगल करायची. 'यांच्या आमटीत गूळच फार!' आणि शेजारच्या मराठी काकूंच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तेव्हा कात्री-पानं तशीच टाकून पहिली धावली तीच. नावं ठेवणं वेगळं, वैर वेगळं.

भाषा आणि वस्ती? जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले ते दोन वर्षांनी परत पाठवायच्या बोलीवर. ती अट १९६४ मध्ये गेली, पण 'हे पाहुणे, जातील' ही समजूत राहिली. जाणाऱ्याला जर्मन कोण शिकवतं? आधी कामगारांची वसतिगृहं, मग क्रॉइत्सबेर्गमधली बर्लिनच्या भिंतीलगतची जुनी, स्वस्त घरं. तिथे जन्मलेल्या पोरांना जन्माने नागरिकत्व मिळायला लागलं २००० पासून. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, चिनी शिकले, संसारही तिथेच थाटला. पण त्यांना बोलावून नेलं होतं, आणि समोर रोज जखमी सैनिक होते.

खरी गंमत पोरांच्या मुद्द्यात आहे. युरोपातल्या अभ्यासकांना पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी, की तिथेच शिकलेल्या, भाषा घोटून प्यायलेल्यांना भेदभाव अनेकदा जास्त टोचतो. मेसेजवाल्याला यात आईबापांची शिकवण दिसेल. मला माझंच घर दिसतं. आजीला मराठी जेमतेम. बाजारात कुणी खवचट बोललं तरी ती हसून पिशवी उचलायची. माझी दहावी मराठी माध्यमातून झाली. परवा एका लग्नात एकाने विचारलं, 'मूळचे कुठले?' म्हटलं, सोलापूर. 'तसं नव्हे हो, मूळचे?' हातातली जिलेबी तशीच ताटात ठेवली. राग आला, कारण त्या 'तसं नव्हे'चा अर्थ मला पुरता कळला. आजीला तो कळलाच नसता.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटांनी एका काकांचं उत्तर आलं, तेलुगूत: 'मनदि वेरे रा.' म्हणजे, आपलं वेगळं रे.