‘खेळ अर्धा करून ठेवलाय’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

“आधी अकरा रिसोर्स होते, २.० मध्ये चारच. पैसे तेवढेच, खेळ अर्धा. ठाण्यातल्या पोरांनी पोरांसाठी केलेला.” मराठ्यांच्या वसई मोहिमेवरच्या आमच्या कॉम्प्युटर गेमच्या नव्या आवृत्तीवरचा, म्हणजे २.० वरचा, तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू ऑफिसात सगळ्यांनी वाचला. चाळीस तास खेळून लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देतोय. (पोरं म्हणालात, पण मी सत्तेचाळीसचा आहे.) २.० चे वेगळे पैसे तुमच्याकडून घेतलेले नाहीत.

रिसोर्सवर, म्हणजे मीठ, बारूद अशा खेळात सांभाळायच्या गोष्टींवर, कात्री मीच चालवली. १.० आल्यावर वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात ओळखीपाळखीच्यांना खेळायला बसवायचो आणि मागे गप्प उभा राहायचो. एका कॉलेजच्या मुलाने कराचं पान उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. चहावर साय धरली तरी त्याची फौज ठाण्याच्या किल्ल्यातून हलली नव्हती. शेवटी म्हणाला, “काका, लढाई कधी आहे?” मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं १७३७ मध्ये घेतलं, वसई पडायला १७३९ उजाडलं, आमचा ट्युटोरियलही (खेळ शिकवणारा सुरुवातीचा भाग) तेवढाच लांबला होता.

मग एकेक रिसोर्स घेऊन बसलो. यामुळे खेळणाऱ्याला कधी पेच पडतो का, एवढंच बघायचं. बारूद आणि तोफगोळे नेहमी बरोबरीनेच लागायचे, म्हणजे पेच नाही, नुसते दोन आकडे. त्यांचा ‘दारूगोळा’ झाला. मीठ पिकलं की विकायचं, दुसरं काही करताच यायचं नाही. गेलं. मिठागरांची चित्रं तेवढी ठेवली, आर्टिस्टने त्यांत जीव ओतला होता. भरती-ओहोटीही काढा, असं टीममध्ये दोघांचं म्हणणं होतं. ती मी काढू दिली नाही. आपली एक चाल साधारण सहा तासांची. भरतीला खाडीतून होड्या थेट तटापर्यंत जातात, पुढच्या चालीला चिखलात रुततात. तोफा आत्ता उतरवायच्या की थांबायचं, यावर अख्खा डाव फिरतो.

“शत्रूची कुमक आभाळातून पडते” हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं. जासुदांचं पान उडवलं, त्याबरोबर त्यातली बातमीही उडाली. चूक माझी. ते पान परत येणार नाही, पण पुढच्या अपडेटमध्ये जासूद नेमलेला असेल तर कुमक दोन चाली आधी नकाशावरच दिसेल.

जुनाच खेळ हवा असेल तर स्टीमवर गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘बीटाज’ उघडा, १.० तिथे ठेवलाय. २.० चे सेव्ह त्यात चालणार नाहीत, डाव नव्याने मांडावा लागेल.